फर्मा

नळाच्या रांगेत नरसम्माची घागर असली
की तिच्या पुढची एक जागा रिकामी, मागच्या दोन.
पाणी चार दिवसांआड यायचं,
तरी त्या जागा कुणी भरेना.

सुरुवात आमच्या घरातून झाली.
आईच्या ठेवणीतल्या साडीला भोक.
मग बापाच्या धोतराला, मग आत्याच्या शालूला.
ट्रंकेला कुलूप, किल्ली आईच्या कमरेला,
आणि आत कापडाला खिडकी पडलेली,
चारी कोपरे नेमके.
जळल्याचा वास नाही. उंदराचे दात नाहीत.
पोशव्वा दारातूनच म्हणाली, "भानामती."
आईनं मांडीवरचं सूप बाजूला ठेवलं,
तंबाखू सांडली, ती कुणी गोळा केली नाही.

फाट्यापलीकडून देवऋषी आला.
सातशे रुपये घेतले, दोन कोंबड्या, एक स्टीलची बादली
(बादली कशाला, ते अजून कळलेलं नाही).
तांदूळ मांडले, घुमला,
बोट कुणाकडे केलं नाही. म्हणाला,
"दार उत्तरेला. बाई एकटी. कपाळ मोकळं."
उत्तरेला दारं अकरा होती.
एकटी, एकच.

मग कारखान्यात चेकर तिच्या हजार विड्यांतून
तीनशे छाट काढू लागला,
जिच्या वीसही निघायच्या नाहीत.
दुकानदार तिची नाणी पाण्यात टाकून मग घ्यायचा.
पोरगा रामलू भिवंडीला मागावर गेला, परतला नाही.
रोज सकाळी तिच्या उंबऱ्यावर लिंबं, टोचलेल्या टाचण्या.
ती टाचण्या काढून डबीत भरायची,
त्यांनीच ब्लाउज बंद करायची.
लिंबांचं लोणचं घातलं तिनं.
हे कळलं तेव्हा
उरलेसुरले दोघंतिघंही म्हणाले, बघा.

त्या अमावास्येला बायकांनी तिला न्हाणीत धरलं
आणि केस कापले.
ओरडली नाही, असं म्हणतात. मी कान झाकले होते.
कात्री आमच्या घरून गेली होती.
माझी. पानं कापायची.

चौथी पास झाले तेव्हा दप्तर माळ्यावर गेलं
आणि हातात पत्र्याचा फर्मा आला.
तेंदूच्या पानावर फर्मा ठेवायचा, कडेनं कात्री फिरवायची,
दिवसाला हजार.
दुपारी आई घोरायची, किल्ली सैल व्हायची.
पानं संपली तरी हात थांबत नव्हता.
रागानं नाही केलं.
म्हणजे, रागानंच असेल.

गल्लीत चाळीस बायका,
प्रत्येकीच्या हातात रोज तोच फर्मा.
धोतर उजेडाकडे धरून सगळ्यांनी भोक बघितलं.
एकीलाही आकार ओळखू आला नाही.
की आला?

एकीला आला होता.
अगदी पहिल्या दिवशी, तो शब्द गल्लीत यायच्या आधी,
नरसम्मानं भोकाच्या कडेवरून बोट फिरवलं,
माझ्या अंगठ्यावरचा घट्टा बघितला
आणि हळूच म्हणाली,
"कात्रीला धार लाव गं चिन्नी, सुतं निघतायत."
बस, तेवढंच.
पुढे तिनं का सांगितलं नाही?
सांगितलंही असेल.
तेव्हा तिचं कोण ऐकत होतं.

आता मी एमआयडीसीत युनिफॉर्म कापते,
एका वेळी चाळीस थर, खडूच्या रेघेवरून.
मालक म्हणतो, हात असा की जणू जन्मजात.

नरसम्मा कुठे गेली, कुणी भिवंडी सांगतं,
कुणी करीमनगर, भावाकडे.
तिच्या घरात नवे भाडेकरू आलेत,
दारावर काळी बाहुली टांगलीय. कुणी सांगितलं त्यांना?

आई थकलीय, कमी ऐकू येतं.
साडीची घडी घालताना अजून म्हणते,
"ती गेल्यापासून बघ,
एक कापड फाटलं नाही घरात."

आणि ते खरं आहे.